उजवीकडचा खिसा

आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी माझ्या पोटाचा नकाशा टांगलेला असतो. पाहुणे विचारतात, हे कशाचं कटिंग? आप्पा अभिमानानं सांगतात, "शर्वरीचं." पाहुण्यांना वाटतं ब्लाउजचं असेल. ते पुढं काही विचारत नाहीत आणि मीही समजावत बसत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील, प्रल्हाद लोकरे. इचलकरंजीत मार्केटच्या मागच्या गल्लीत पुढं 'लोकरे टेलर्स' आणि मागं आमचं घर. मी आठ वर्षांची होते तेव्हा, २०२४ साली, मला डायबेटिस झाला. टाइप वन. यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं, मग ते जन्मभर बाहेरून द्यावं लागतं. सहा महिन्यांत पंप आला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, त्यातून निघणारी हातभर नळी आणि तिच्या टोकाला कॅन्युला. ही कॅन्युला म्हणजे कातडीखाली नखाएवढी आत राहणारी मऊ प्लॅस्टिकची नळी. घरात आम्ही तिला सुईच म्हणतो, कारण ती आत सोडायला सुईच टोचावी लागते. दर तीन दिवसांनी जुनी काढायची, नवी लावायची आणि दर वेळी जागा बदलायची.

जागा का बदलायची ते नर्सनं तेव्हा नीट समजावलं होतं. एकाच ठिकाणी इन्सुलिन जात राहिलं की तिथली चरबी फुगते, तिची गाठ होते, आणि गाठीत सोडलेलं इन्सुलिन रक्तात वेळेवर पोचत नाही. ती आणखी बोलणार होती, पण आप्पाच म्हणाले, "कळलं. एकाच भोकातनं दहादा टाका घातला की कापड विरतं." नर्सनं फाइल मिटली आणि म्हणाली, बरोबर.

त्याच संध्याकाळी आप्पांनी टेप घेऊन माझ्या पोटाची मापं घेतली. खाकी कागदावर आकार काढला, बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडली, आणि डावीकडं आठ, उजवीकडं आठ चौकोन आखले. एका चौकोनात सुई लावली की फुली मारायची, पुढची सुई पुढच्या चौकोनात. सोळा चौकोन, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांनी पुन्हा पहिला. दर पाडव्याला नवी मापं, नवा कागद. मी जशी वाढले तसे माझे चौकोनही वाढले.

आणि खिसे. शाळेच्या स्कर्टला डावीकडं चेन होती, म्हणून पंपाचा खिसा त्यांनी उजवीकडं शिवला, आतून, अस्तराचा, नळी बाहेर यायला काज ठेवून. मग फ्रॉकला, पंजाबी ड्रेसला, मावशीच्या लग्नातल्या परकराला, सगळ्यांना उजवीकडं खिसा. माझ्या मैत्रिणींच्या कपड्यांना खिसेच नसायचे. त्यांना माझा हेवा वाटायचा आणि मी तो मनसोक्त वाटू द्यायची.

आता खरं सांगते. तोवर सुई आई लावायची आणि आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. दहा वर्षांची झाल्यावर मी दार लावून घ्यायला लागले. "आता माझी मी लावणार," असं जाहीर केलं. आप्पांनी लगेच मान्य केलं, मुलगी मोठी होतेय म्हणून. पहिल्याच आठवड्यात डावीकडं लावताना सुई कुठल्या तरी शिरेला लागली, रक्त आलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. पुढच्या वेळी मी उजवीकडं लावली. त्याच्या पुढच्या वेळीही उजवीकडंच, खिशाला जवळ, हाताला सोपं. काही महिन्यांनी तिथं जागा मऊ, जाड झाली आणि मग तर सुई टोचलेली कळेनाशीच झाली. गाठीत संवेदना कमी असते, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा वाटलं, देवानंच एक जागा करून दिली.

नकाशावर मात्र मी ओळीनं फुल्या मारत राहिले. डावीकडच्याही. कागदावर माझ्याइतकी शिस्तीची मुलगी अख्ख्या जिल्ह्यात नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती लहान मुलीची चोरी झाली असती. पण २०२७ची दिवाळी आली. फराळाच्या दिवशी माझी साखर साडेचारशेवर गेली, उलट्या सुरू झाल्या आणि तीन दिवस मला दवाखान्यात ठेवलं. आप्पांना माझ्या पंपाच्या खिशात बेसनाच्या लाडवाचा चुरा सापडला. वर्षाचा धंदा त्या आठवड्यात, आप्पा चार रात्री झोपलेले नव्हते. दवाखान्याच्या व्हरांड्यात, माझ्या कॉटवर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, आत्या-काकांसमोर ते आईला म्हणाले, "तूच हिच्या जिवावर उठलीस."

माझी आई सुवर्णा, ब्लाउजांना हुक लावते, हातशिलाई करते. आवाज न चढवता ती म्हणाली, "अर्धा दिला होता. पंपात त्याचा आकडा घालून, इन्सुलिन देऊन दिला होता." कुणी ऐकलं नाही. घरी आल्यावर आप्पांनी साखरेचा डबा उचलून दुकानातल्या लोखंडी कपाटात, कापडाच्या गठ्ठ्यांमागं ठेवला. त्यानंतर साखर लागली की आई वाटी घेऊन दुकानात यायची, गिऱ्हाइकासारखी; पुढं तीही यायची थांबली. स्वतः ती बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. लोकांच्या घरीसुद्धा. दवाखान्यात माझ्याबरोबर यायचंही तिनं सोडलं. मी अकरा वर्षांची होते. नर्सचं बोलणं माझ्या लक्षात होतं. मी काही बोलले नाही.

बारा वर्षं बोलले नाही.

आता मी तेवीस वर्षांची आहे. एका कारखान्यात यंत्रमागांचे सेन्सर दुरुस्त करते. गेल्या महिन्यात मागांच्या मधोमध मला घेरी आली, साखर बेचाळीसवर. सुपरवायझरनं साखरपाणी पाजलं म्हणून शुद्धीवर आले. मिरजेच्या डॉ. अफसाना मुजावर यांच्याकडं मी उपचार घेते. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कधी चारशे, कधी चाळीस. शर्वरी, हे खाण्याचं वाटत नाही मला. आमच्याकडे थरपट्टा आलाय, रविवारी ये. बाबांनाही आण."

थरपट्टा काय असतो ते मला तरी कळणं भाग होतं. चार बोटं रुंदीचा, रबरी, कमरेला गुंडाळायचा पट्टा. त्यात हजारो बारीक स्फटिक असतात, ते कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतात आणि परत येणारा ऐकतात. चरबीतून आवाज एका वेगानं जातो, गाठीतून दुसऱ्या, व्रणातून तिसऱ्या. प्रत्येक कॅन्युला जाते तेव्हा केसापेक्षा बारीक व्रण मागं ठेवते आणि तो वर्षागणिक घट्ट होत जातो. किती घट्ट, यावरून तो किती जुना ते यंत्र सांगतं, दोन-तीन महिन्यांच्या फरकानं. पुढची पायरी खरी नवी. पंपाच्या मेमरीत कधी किती इन्सुलिन दिलं आणि साखर किती होती ते सगळं साठलेलं असतं. व्रण आणि मेमरी शेजारी शेजारी ठेवून यंत्र जुना प्रत्येक चढ-उतार पुन्हा तपासतं आणि सांगतं, हा खाण्यामुळं, हा जागेमुळं. शरीर बोलू लागलं तर काय काय सांगेल, याचा विचार पट्टा बनवणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही. मी मात्र आठवडाभर दुसरं काही केलं नाही.

रविवारी बसमध्ये आप्पांच्या मांडीवर कापडात बांधलेली लांब गुंडाळी होती.

"हे काय घेतलंयसा?"

"नकाशे. सगळ्या वर्षांचे. डॉक्टरांना दाखवाय नकोत व्हय? असं लिहून ठेवलेलं कुणाकडं असंल गं?"

"आप्पा, त्यांच्याकडं यंत्र आहे."

"यंत्राला ताडून बघाय तर काय तरी पायजे."

ते इतके खूश होते की मला खिडकीकडं बघत बसावं लागलं. जयसिंगपूर आलं तेव्हा मी ठरवलं, आता सांगायचं. "आप्पा," म्हटलं. त्यांनी पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढून माझ्या हातात ठेवले, "घे, भूक लागली असंल." मी शेंगदाणे खाल्ले. मिरज आली.

डॉ. मुजावरांनी पट्टा बांधला आणि भिंतीवरच्या पडद्यावर माझं पोट उमटलं, आतून. डावी बाजू हिरवीगार. उजवीकडं खिशाच्या रेषेला लागून तळहाताएवढा लाल डाग, आणि त्यात पांढरे धागेच धागे, एकावर एक.

आप्पा उठून पडद्याजवळ गेले. चष्मा कपाळावर चढवला. कापडातला दोष शोधताना ते असंच बघतात. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "एकाच जागी टीप मारलीय."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "इन्सुलिन या गाठीत अडकून राहतं, म्हणून साखर चढते. मग कधीतरी साठलेलं एकदम सुटतं आणि साखर कोसळते. तू त्या दिवशी अशीच पडलीस, शर्वरी. डावीकडे धागे आहेत, पण जुने. दोन हजार सव्वीसपर्यंतचे. त्यानंतर एकही नाही."

आप्पांनी गुंडाळी सोडली. २०२७चा कागद काढला. डावीकडचे आठ चौकोन, आठही चौकोनांत निळ्या पेनाच्या फुल्या. कागदाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं. डॉक्टर माझ्याकडं बघत होत्या. आता ते विचारतील आणि मी सांगेन, असं वाटलं. पण आप्पांनी मला विचारलंच नाही.

"चूक माझी हाय, डॉक्टर," ते म्हणाले. "सव्वीसपासनं ही आपली आपण लावाय लागली. खिसा मी उजवीकडं शिवला. नळी डावीकडं न्यायची म्हणजे बेंबीवरनं ताणून न्याय लागत असंल. लेकराला जमलं नसंल. आणि मी एवढा कागद आखलेला, तर मला वाईट वाटू नये म्हणून फुल्या मारत गेली." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "पंधरा वर्षं मी खिसा शिवला, आणि एकदा बी डावीकडं शिवून बघितला न्हाई."

नळी पुरत होती. आरामात पुरत होती. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. इतकी वर्षं गप्प बसलं की गप्प बसणं आपोआप होतं, जीभ उचलावीही लागत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "कुणाची चूक ते शोधायला नाही बोलावलं मी. डावी बाजू चांगली आहे, आजपासून तिथे लावायची. उजवीला वर्षभर विश्रांती. सुरुवातीला डोस कमी लागेल, फोनवर सांगत राहा."

आप्पा कागद गुंडाळत होते. मध्येच थांबले.

"डॉक्टर, एक विचारू? सत्तावीसच्या दिवाळीचं हे यंत्र सांगंल?"

डॉक्टरांनी तारीख टाकली. पडद्यावर एक रेषा आली. त्यांनी बोट ठेवलं. "साखर इथून चढायला लागली, सकाळी साडेसातला. फराळाची नोंद इथे, साडेनऊला. पंधरा ग्रॅम कर्बोदकं, त्याचं इन्सुलिन बरोबर दिलंय. म्हणजे खाण्याच्या आधी दोन तास चढ सुरू झालेला. आदल्या रात्रीचं इन्सुलिन गाठीत अडकलं होतं."

"म्हणजे लाडवानं न्हाई?"

"कसला लाडू? नाही, खाण्याचा काही संबंध नाही."

परतीच्या बसमध्ये आप्पांनी नकाशांची गुंडाळी सीटखाली सारली. शेंगदाण्यांची पुडी तशीच मांडीवर होती.

घरी आल्यावर ते जेवायलाही आत गेले नाहीत. रविवारचं दुकान बंद. थोड्या वेळानं मी पुढं गेले तर कटिंगच्या टेबलावर माझ्या कपड्यांचा ढीग होता आणि आप्पा हातात ब्लेड घेऊन खिसे उसवत होते. एक, दुसरा, तिसरा. उसवलेले अस्तराचे तुकडे एका बाजूला रचलेले, अगदी नीट, जणू कुणाला परत द्यायचे असावेत.

"आप्पा, नका उसवू."

"डावीकडं शिवतो. दोन दिवस लागतील. तवर पंप कमरेला अडकव."

"नळी पुरत होती, आप्पा."

ब्लेड थांबलं.

"पहिल्यापासनं पुरत होती. खिशाचं काही नाही. डावीकडं एकदा दुखलं, म्हणून मी लावलीच नाही. उजवीकडं दुखत नव्हतं. फुल्या खोट्या मारल्या. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, पकडले जाऊ नये म्हणून."

त्यांनी हातातला माझा निळा कुर्ता उलटून खिशाचं काज बोटानं चाचपलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "लई दुखलं होतं?"

"हो."

"मग सांगायचं की गं. जागा बदलली असती. मांडीवर आखलं असतं." त्यांनी कुर्ता खाली ठेवला आणि तेव्हा कुठं त्यांना बाकीचं उमगलं. चेहरा बदलला. "आणि दिवाळीला? मी तुझ्या आईला बोललो तवा तू कॉटवर जागी होतीस."

"होते."

"ठाऊक होतं तुला?"

"थोडं. पुढं पक्कं."

"बोलणारा मी," आप्पा म्हणाले. आवाज बारीक होता, पण मला त्यांनी कधी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. "त्यात तुझा काय दोष न्हाई. पण बारा वर्षं तुझ्या तोंडाला कुणी टाका घातला होता?"

मी रडले. ते जवळ आले नाहीत. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, कारण त्यांनी तेव्हा डोक्यावर हात ठेवला असता तर मी पुन्हा सुटले असते.

मग ते उठले, लोखंडी कपाट उघडलं, कापडाचे गठ्ठे बाजूला सारले आणि साखरेचा डबा बाहेर काढला. स्टीलचा, झाकणावर आईचं नाव कोरलेला, तिच्या माहेरचा. शर्टाच्या बाहीनं त्यावरची धूळ पुसली. "चल," म्हणाले.

आई स्वयंपाकघरात मांडीवर ब्लाउज घेऊन हुक लावत बसली होती. आप्पांच्या हातात डबा बघून तिची सुई हातातच राहिली. आप्पा उभे, मी त्यांच्या मागं उभी. शेवटी मीच बोलले, सगळं, सकाळचं आणि जुनं. आप्पांनी मध्ये एवढंच घातलं, "यंत्रानं सांगितलं, लाडवानं न्हवतं झालं."

आईनं दोरा दातानं तोडला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "अर्धा तिला दिला, अर्धा मी खाल्ला. मला कशाला यंत्र लागतंय? तुमालाच लागलं."

"मग तवा..."

"सांगितलं की. तीनदा सांगितलं. तुमी खिशातला चुरा दाखवलासा." तिनं ब्लाउजची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "लेकराला मारायला निघालेली आई म्हणून बघितलं मला समद्यांनी. तुमच्या बहिणीनं तिच्या घरी चहा दिला तर साखर घातलीय का न्हाई हे मी आधी विचारायची. कुणी बोलाय नको म्हणून."

आप्पा खाली बसले. फरशीवर, तिच्यासमोर. माझे वडील गिऱ्हाइकाचं माप घेताना सोडलं तर कुणापुढं गुडघ्यावर बसलेले मी पाहिले नव्हते. "चुकलं माझं," म्हणाले. आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही, पण डबा त्यांच्या हातातून घेतला आणि शेजारी ठेवून दिला.

"आणि तू," तिनं मला हाक मारली. "ये हिकडं."

मला वाटलं, फटका बसणार आता. तिनं माझा कुर्ता वर केला आणि उजवीकडं, त्या गाठीवर हात ठेवला. खरखरीत, सुयांनी टोचून टोचून निबर झालेली बोटं.

"हितंच व्हय? कळतंय का हात लावलेला?"

"थोडंच."

"एवढं बधिर होस्तवर," ती म्हणाली आणि हात तसाच ठेवून बसली. त्या दिवाळीनंतर तिनं माझ्या पोटाला हात लावलेला नव्हता. हे खातं तिनं आमच्या दोघांवर सोडून दिलं होतं. मला तिच्या हाताचं वजन कळलं, ऊब नाही कळली. तेवढ्यासाठी मला फार रडू आलं.

आप्पांनी गॅस पेटवला. माझ्या आठवणीत तरी पहिल्यांदाच. कुठलं भांडं, किती पाणी, सगळं चुकत होतं आणि आई त्यांना मुद्दाम चुकू देत होती. डब्यातली साखर दगड झाली होती, ती चमच्याच्या मागच्या टोकानं फोडून त्यांनी कपात टाकली. किती टाकली ते त्यांनाच माहीत. आईनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पाक केलाय पाक. सवय मोडली माझी."

"दुसरा करतो बिनसाखरेचा."

"ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि कप बाजूला ठेवला.

पंपानं टिंग केलं. सुई बदलायची वेळ. सवयीनं मी खोलीकडं निघाले, दार लावायला, आणि थांबले. तिथंच, स्वयंपाकघरात, पाटावर बसले. आप्पा पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, जुनी सवय. आईनं डावीकडची जागा कापसानं पुसली. वरचा पहिला चौकोन. मी सुई सोडायचं बटण दाबलं.

दुखलं. तेरा वर्षांचं राखून ठेवलेलं दुखणं एकदम आल्यासारखं दुखलं.

"आई गं!" मी मोठ्यानं ओरडले.

"दुखलं?" दोघांनी एकदमच विचारलं.

"दुखलं."

"बरं झालं," आई म्हणाली. "म्हणजे जागा चांगली हाय."

आप्पा भिंतीवरचा कागद काढून घेऊन आले. त्यांनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, फरशीवरच बसून, खडूनं नवे आठ चौकोन आखले, फक्त डावीकडं. मग निळं पेन खिशातून काढलं, क्षणभर माझ्याकडं धरलं आणि हात वळवून आईपुढं केलं.

"फुली आता तू मारायची," ते तिला म्हणाले. "बघून."

आईनं वाकून माझ्या पोटावरची पट्टी पुन्हा एकदा बघितली, बोटानं तिच्यापासून बेंबीपर्यंतचं अंतर मोजलं, आणि पहिल्या चौकोनात फुली मारली. पेन नीट झाकण लावून आपल्या ब्लाउजला अडकवलं. मग बाजूला ठेवलेला कप उचलला. चहा गार झाला होता. पहिल्या घोटाला तिनं पुन्हा तोंड वाकडं केलं, पण कप खाली ठेवला नाही, सगळा प्यायली, आणि तळाशी राहिलेली साखर बोटानं पुसून चाटली.